गल्ल्यावरचा माणूस

कोंडाईबारीचा घाट उतरून धुळ्याकडून सुरतेकडे जाणारा हमरस्ता नंदुरबार जिल्ह्याच्या नवापूर तालुक्यांत शिरला, म्हणजे विसरवाडी हें गांव लागतें. नंदुरबारकडे जाणारी सडक येथेंच फुटते. त्यामुळें आसपासच्या पाड्यांवरील मावची, भिल्ल व कोकणी शेतकरी, अहिराणी बोलणारा खानदेशी व्यापारी आणि गुजराथेंतून येणारा मालमोटारीचा चालक, ह्या सर्वांची गांठ ह्या टापूंत बाजाराच्या निमित्तानें पडते. तूर, भात, मिरची, मोहाचीं फुलें, सुकी मासळी, मातीचीं मडकीं, प्लास्टिकच्या बादल्या, सर्व कांहीं जमिनीवर अंथरलेल्या फडक्यांवर मांडलेलें असतें. विकणारा बसलेलाच असतो, घेणाराहि खालीं बसतो, आणि दोघांच्या डोळ्यांची पातळी एक होते. भाव विचारला जातो, नाक मुरडलें जातें, चार पावलें पुढें जाऊन परत येणें होतें, आणि शेवटीं पारडें खालीं गेल्यावर वर आणखी एक मूठ पडते.

ह्याच महाराष्ट्रांत, मुंबई-पुण्याच्या कांहीं मोठ्या दुकानांतून, ह्याच्या अगदीं उलट चित्र दिसूं लागलें आहे. ग्राहक टोपली भरतो, दाराजवळच्या यंत्रासमोर उभा राहतो, प्रत्येक वेष्टनावरील खूण कांचेच्या डोळ्यापुढें धरतो, मोबाइलनें पैसे भरतो आणि पावती घेऊन निघून जातो. साऱ्या व्यवहारांत त्याला एकाहि माणसाशीं बोलावें लागत नाहीं. युरोप-अमेरिकेंत ही पद्धति नित्याची झाली असून गल्ल्यावर बसणारा रोखपाल तेथें कमी कमी होत चालला आहे. हा बदल पाहून कोणी सुटकेचा निःश्वास टाकतो, कोणाला चुकल्याचुकल्यासारखें होतें, तर कोणाला संताप येतो. ह्या तिन्ही भावना खऱ्या आहेत. परंतु त्यांचा उलगडा व्हावयाचा असेल, तर घेणारा आणि देणारा ह्यांच्यामध्यें आजवर कोण कोण उभे राहिले आणि कोण कोण बाजूला झाले, ह्याचा इतिहास पाहिला पाहिजे.

विसरवाडीचा टापू ह्या इतिहासाला अपरिचित नाहीं. मोगल अमदानींत सुरत बंदरांतून बऱ्हाणपूरमार्गें आग्र्यास जाणारा व्यापारी रस्ता नवापूर-नंदुरबारवरून जात असे. सतराव्या शतकांत ह्या रस्त्यानें गेलेला फ्रेंच जवाहिऱ्या झां-बातिस्त ताव्हेर्निए ह्यानें नवापूरची आठवण लिहून ठेविली आहे. गांव विणकरांनीं भरलेलें असून मुख्य व्यापार तांदळाचा आहे; ह्या तांदळाचा दाणा बारीक, शिजल्यावर शुभ्र आणि कस्तुरीसारखा सुवासिक असतो; इराणांत कोणाला नजराणा द्यावयाचा झाल्यास ह्या तांदळाची गोणी नेतात, असें तो सांगतो. ह्याच प्रवाशानें दक्षिणेंतील हिऱ्यांच्या खाणींवरील सौदाहि वर्णिला आहे. घेणारा व देणारा समोरासमोर बसत आणि कमरेच्या शेल्याखालीं एकमेकांचे हात धरीत. सबंध हात दाबला म्हणजे हजार, एक बोट धरलें म्हणजे शंभर, असा संकेत असे. भोंवतीं माणसें बसलेलीं असत. पण भावाविषयीं तोंडांतून एक शब्द निघत नसे. गुरांच्या बाजारांत उपरण्याखालीं बोटें धरून सौदा ठरविण्याची चाल महाराष्ट्रांतहि होती. तेव्हां मुका व्यवहार ही कांहीं यंत्रानें आणलेली नवलाई नव्हे. फरक इतकाच, कीं त्या मुकेपणांत हातांत हात होता.

धान्याच्या बाजारांत मात्र तिसऱ्या माणसावांचून चालत नसे. तो मापाडी. पायली भरतांना पहिल्या मापाला 'एक' न म्हणतां तो 'लाभ' म्हणे आणि मग पुढचा आंकडा उच्चारी. माप भरतांना वर शीग ठेवावयाची कीं तळहातानें सारून सपाट करावयाचें, ह्या एवढ्याशा हालचालीवर शेतकऱ्याच्या वर्षाच्या कष्टांचें मोल ठरे. ज्याला आंकडे येत नसत, त्याला मापाड्याच्या तोंडाकडे पाहण्याखेरीज गत्यंतर नसे. त्यांतून दुकानदार हाच सावकार असला, म्हणजे तराजूच्या एका पारड्यांत धान्य आणि दुसऱ्यांत जुनें देणें, अशी स्थिति होई. १८७५ सालीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें सुरू झालेल्या शेतकऱ्यांच्या दंग्यांत लोकांनीं सावकारांचे कर्जरोखे आणि कागदपत्र शोधून शोधून जाळले. त्यांचा रोख सावकाराच्या जिवापेक्षां त्याच्या हिशेबावर होता. १८७९ चा दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा हें त्या दंग्यांचेंच फळ. डोंगरपट्ट्यांतील आदिवासींची अडचण तर स्वातंत्र्यानंतरहि पुष्कळ वर्षें टिकली. म्हणून महाराष्ट्र सरकारनें १९७२ सालीं आदिवासी विकास महामंडळ स्थापिलें आणि १९७६ च्या कायद्यानें आदिवासी भागांतील शेतमालाच्या एकाधिकार खरेदीची वाट मोकळी केली. व्यापाऱ्याच्या तराजूपुढें सरकारी कांटा उभा करावा लागला, तो उगाच नव्हे.

ग्राहकाच्या मनांतील दुसरी जखम जातीची होती. अस्पृश्य मानलेल्या माणसाला अनेक गांवांत दुकानाची पायरी चढतां येत नसे. त्यानें पैसे दूर ठेवावे, दुकानदारानें त्यांवर पाणी शिंपडून ते उचलावे आणि माल वरून पदरांत टाकावा, अशी रीत होती. माल हातांत घेऊन पारखण्याचा अधिकार त्याला कोठला? २६ जानेवारी १९५० रोजीं अमलांत आलेल्या संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदांत, धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान ह्या कारणावरून कोणाहि नागरिकाला दुकानांत प्रवेश नाकारतां येणार नाहीं, असें स्पष्ट लिहावें लागलें. दुकानासारखा साधा शब्द राष्ट्राच्या संविधानांत यावा, ह्यावरून गल्ल्यावरच्या माणसाची सत्ता किती दूरवर पोंचत असे, ह्याची कल्पना येते. जुन्या दुकानाच्या आठवणीनें हळवें होणाऱ्यानें ही बाजू विसरून चालणार नाहीं.

घासाघीस संपविण्याचा मोठा प्रयोग पॅरिस शहरांत झाला. १८५२ पासून आरिस्तीद बूसिको ह्यानें 'बाँ मार्शे' ह्या दुकानांत वस्तूंना ठरीव किंमत लावली, खरेदीची सक्ति न करतां ग्राहकाला आंत हिंडूं दिलें आणि न आवडलेला माल परत घेण्याची सोय केली. सर्वांना एकच भाव झाल्यामुळें भोळा ग्राहक वांचला. चतुर ग्राहकाची मौज मात्र गेली. त्यानंतर दुकानांत यंत्र शिरलें, तें गल्ल्याच्या वाटेनें. अमेरिकेंतील डेटन शहरीं जेम्स रिटी नांवाचा एक गुत्तेवाला होता. नोकर विक्रीचे पैसे लांबवितात, ह्यामुळें तो त्रासून गेला होता. त्यानें रक्कम नोंदविणारें एक यंत्र तयार केलें, १८७९ सालीं त्याचें पेटंट घेतलें, आणि त्याला 'भ्रष्ट न होणारा रोखपाल' अशा अर्थाचें नांव दिलें. अशा यंत्रांची घंटी वाजली, कीं विक्री झाल्याची खबर मालकाच्या कानीं पडे. म्हणजे गल्ल्यावरचें पहिलें यंत्र ग्राहकाच्या सोयीसाठीं आलेलें नाहीं. नोकरावरील अविश्वासांतून त्याचा जन्म झाला. ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

१९१६ च्या सप्टेंबर महिन्यांत मेम्फिस शहरांत क्लॅरेन्स साँडर्स ह्यानें 'पिग्ली विग्ली' हें दुकान उघडलें. तोंवर किराणा दुकानांत ग्राहक यादी सांगे आणि नोकर फळीच्या आडून माल काढून देई. साँडर्सनें मधली फळीच काढून टाकली. फिरत्या फाटकांतून आंत यावें, टोपली घ्यावी, मांडणीवरचा माल आपल्या हातानें निवडावा आणि बाहेर पडतांना रोखपालाजवळ पैसे द्यावे, अशी व्यवस्था त्यानें केली, व १९१७ सालीं तिचें पेटंटहि मिळविलें. आज ज्या रोखपालाच्या जाण्यानें हळहळ वाटते, तो स्वतः अशा रीतीनें माल काढून देणाऱ्या कित्येक नोकरांना उठवून तेथें बसलेला आहे!

नव्या सोयीला पहिल्यानें नाक मुरडणें हाहि मनुष्यस्वभावच आहे. १९३७ सालीं ओक्लाहोमा शहरांतील दुकानदार सिल्व्हन गोल्डमन ह्यानें सामान ठेवण्यासाठीं चाकांची गाडी आणली, तेव्हां ग्राहक तिला हात लावीनात. टोपली उचलण्याचें बळ आपल्यांत नाहीं कीं काय, असें तरुणांना वाटलें. मुलांच्या गाड्या जन्मभर ढकलल्या, आतां ही आणखी नको, असें बायका म्हणाल्या. गोल्डमननें भाडोत्री माणसें गाड्या ढकलीत दुकानांत हिंडतीं ठेविलीं, तेव्हां कोठें लोकांची भीड चेपली. आज त्या गाडीशिवाय मोठें दुकान डोळ्यांसमोर येत नाहीं.

महाराष्ट्रांत हा बदल निराळ्या वाटेनें आला. १९४८ सालीं मुंबईच्या नायगांव भागांत, गिरणी-कामगारांच्या वस्तींत, पुढें 'अपना बाजार' ह्या नांवानें प्रसिद्ध झालेली ग्राहकांची सहकारी संस्था निघाली. खरें माप आणि रास्त भाव ही तिची प्रतिज्ञा. १९५७ च्या एप्रिलांत दशमान नाणीं आलीं, १९५८ पासून किलोग्रॅमचीं वजनें येऊं लागलीं, आणि शेर-पायलीचा हिशेब मागें पडला. १९७५ सालीं स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीनें तर दुकानच बाजूला सारलें. शेजारपाजारच्या कुटुंबांनीं संघ करावा, महिन्याची मागणी एकत्र नोंदवावी आणि आलेला माल आपला आपण वांटून घ्यावा, अशी ही पद्धति. येथेंहि ग्राहक स्वतः राबतो, येथेंहि गल्ल्यावर कोणी पगारी माणूस नसतो. तरीहि कोणाला एकटें पडल्यासारखें वाटत नाहीं. कारण काम शेजाऱ्यांबरोबर होतें आणि त्याचा फायदा घरींच राहतो. पुढें २००२ सालीं पवईस 'डी-मार्ट'चें पहिलें दुकान निघालें, आणि अशा दुकानांमुळें मध्यम वर्गाच्या कुटुंबांना आपली टोपली आपण भरण्याची संवय लागली. किंमत वेष्टनावर छापलेली, माल हातांत, घाई करणारें कोणी नाहीं. गृहिणीला हें स्वातंत्र्य आवडलें ह्यांत नवल नाहीं. बाहेर पडतांना मात्र गल्ल्यावर एक मुलगा किंवा मुलगी असे, आणि तेथें 'सुटे आहेत का' एवढें तरी बोलणें होई.

तो शेवटचा दुवा तुटण्याची तयारी त्यापूर्वींच झाली होती. २६ जून १९७४ रोजीं अमेरिकेच्या ओहायो राज्यांतील ट्रॉय गांवीं च्युइंग गमच्या एका पुड्यावरील रेघा दुकानाच्या यंत्रानें वाचल्या, आणि वस्तु स्वतःच आपली किंमत यंत्राला सांगूं लागली. ह्या रेघा माणसाला वाचतां येत नाहींत. वस्तूवरची किंमतीची चिठ्ठी गेली, तर आपण फसविले जाऊं, अशी ओरड तेथील ग्राहकांनीं केली. मिशिगन राज्यानें तर १९७६ सालीं वस्तूंवर किंमत लावण्याची सक्ति करणारा कायदा केला, आणि तो २०११ पर्यंत टिकला. १९८६ च्या सुमारास अटलांटा शहराजवळील 'क्रोगर' दुकानांत ग्राहकानेंच आपला माल यंत्रापुढें धरावा, असा प्रयोग झाला. विसाव्या शतकाच्या अखेरीस ही यंत्रें पसरूं लागलीं आणि नव्या शतकांत तीं पश्चिमेंत सर्वत्र दिसूं लागलीं.

ग्राहकांना त्यांविषयीं काय वाटतें? ज्याला दोनच जिनसा घेऊन गाडी पकडावयाची असते, त्याला यंत्र प्रिय वाटतें. ज्याला बोलतांना अडखळावयास होतें, ज्याला परकी भाषा येत नाहीं, किंवा जी स्त्री आपली कांहीं खाजगी वस्तु परक्याच्या नजरेखालून नेण्यास संकोचते, तिलाहि तें बरें वाटतें. दुकानाच्या पायरीखालीं पिढ्यान् पिढ्या उभ्या राहिलेल्या माणसाच्या वंशजाला, जात न विचारणारें यंत्र कांहीं वाईट वाटणार नाहीं. ही बाजू मोठी आहे.

दुसरी बाजूहि तितकीच मोठी आहे. एकट्या राहणाऱ्या वृद्धाला रोखपालाशीं झालेले दोन शब्द हेच कित्येकदां दिवसांतील एकमेव संभाषण असतें. त्याचे डोळे मंद, हात कांपरे. यंत्राची पाटी पालटली कीं तो गोंधळतो. पिशवीच्या जागीं अनपेक्षित वस्तु आहे, असें यंत्र मोठ्यानें ओरडतें, दिवा लागतो, मागचे लोक पाहूं लागतात, आणि कांहीं अपराध नसतांना माणूस ओशाळतो. डोक्यावर कॅमेरा असतो. निघतांना पावती तपासली जाते. रिटीचा संशय नोकरावर होता. आतां नोकर गेला, आणि त्याच्या जागीं ग्राहकाला उभें करून तो संशय ग्राहकाच्या माथीं आला. शिवाय काम संपलेलें नाहीं, तें केवळ हस्तांतरित झालें आहे. रोखपाल जें पगार घेऊन करी, तें ग्राहक फुकट करतो. आणि वाणसामानाचें बिल कांहीं त्या मानानें उतरत नाहीं. खेड्यांतून शहरांत आलेल्या कितीतरी तरुणांना पहिली पगाराची नोकरी अशा गल्ल्यावर मिळते, हेंहि विसरतां येत नाहीं.

ह्या तक्रारी व्यर्थ गेल्या, असें नाहीं. हॉलंडमधील 'युम्बो' ह्या दुकानांनीं २०१९ सालीं, घाई नसलेल्या ग्राहकांसाठीं, मुद्दाम सावकाश चालणारा 'गप्पांचा गल्ला' सुरू केला. इंग्लंडच्या उत्तर भागांतील 'बूथ्स' ह्या जुन्या दुकानदारांनीं २०२३ सालीं आपल्या बहुतेक शाखांतून हीं यंत्रें काढून टाकण्याचें ठरविलें. अमेरिकेंतील 'डॉलर जनरल'नें २०२४ सालीं हजारों दुकानांतून तीं उचललीं. तेथें कारण भावनेचें नव्हतें, मालाची चोरी वाढली होती. हिशेबी माणसालाहि शेवटीं गल्ल्यावर माणूस परवडतो, असें ह्यांतून दिसलें.

आतां पुन्हा विसरवाडीच्या टापूकडे वळूं. तेथें स्वयंहिशेबाचीं मोठीं यंत्रें नाहींत. पण त्यांचें धाकटें भावंड भारतांतील खेड्यापाड्यांच्या बाजारांत येऊन बसलें आहे. जपानांत १९९४ सालीं निघालेली चौकोनी ठिपक्यांची खूण आणि भारतांत २०१६ सालीं सुरू झालेली यूपीआय पद्धति, ह्या दोहोंच्या जोरावर भाजीवालीसमोरचा ग्राहक आपला मोबाइल धरतो आणि रक्कम स्वतःच टाकतो. शेजारची डबी पैसे मिळाल्याचें बोलून दाखविते. पूर्वीं विकणारी नाणें हातांत घेऊन ग्राहकाच्या तोंडाकडे पाही. आतां तिचा कान डबीकडे असतो. पण येथें एक गोष्ट अजून शाबूत आहे. पैसे यंत्रानें घेतले, तरी माणूस जागेवरून उठलेला नाहीं. रक्कम चुकली तर विचारावयास समोर कोणी आहे, आणि वर एक मूठ टाकणारा हातहि आहे.

नवापूरचें रेल्वेस्थानक अर्धें महाराष्ट्रांत व अर्धें गुजराथेंत आहे, आणि तेथें हिंदी, इंग्रजी, मराठी व गुजराथी ह्या चार भाषांतून गाड्यांची सूचना देतात. प्रवाशाला कळावें, ही जबाबदारी स्थानकानें आपल्याकडे घेतली आहे. दुकानांतील यंत्राकडून ह्याहून अधिक मागण्याचें कारण नाहीं, पण कमीहि मागूं नये. पैसे देण्यापूर्वीं किंमत डोळ्यांना दिसावी आणि भाषा समजावी. चूक झाली तर यंत्राच्या दिव्याऐवजीं माणसाचें तोंड पुढें यावें. आणि प्रामाणिक गिऱ्हाइकाकडे चोर म्हणून पाहिलें जाऊं नये. ज्याला यंत्र हवें त्यानें तें वापरावें. ज्याला माणूस हवा त्याला तो मिळावा. अशी निवड उरली नाहीं, तर सोय ही सोय राहत नाहीं, ती सक्ति होते.

मापाड्याच्या हातून सुटण्यासाठीं शेतकऱ्याला शंभर वर्षें झगडावें लागलें, आणि दुकानाची पायरी चढण्यासाठीं कित्येकांना त्याहून अधिक. त्या झगड्यांत मागणी माणूस नको अशी नव्हती. माणूस खरा असावा, माप खरें असावें, आणि घेणाऱ्या-देणाऱ्याची पातळी एक असावी, एवढीच होती. बाजारांत फडक्याशेजारीं बसून तूर निवडणाऱ्या मावची बाईला ती पातळी आपोआप मिळते. शहरांतल्या झगझगीत दुकानांत ती राखावयाची, तर गल्ल्यावर एक तरी खुर्ची माणसासाठीं राखून ठेवावी लागेल.